गाडीच्या कंपनी रंगाचे टवके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण ते पनवेल या रस्त्यावर पाच वर्षे धावलेल्या माझ्या राखाडी हॅचबॅकच्या बॉनेटवर गेल्या मे महिन्यात मी बसून टवके मोजले, तेव्हा ते सत्तावन्न भरले. त्यांपैकी पत्र्यापर्यंत गेलेले फक्त नऊ होते. शेजारीपाजारी आणि ओळखीच्या गाडीमालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगितलेली बरी: कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला रंग बाहेरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये जसाच्या तसा पुन्हा मिळत नाही, म्हणून उडालेला टवका भरावा आणि उरलेल्या रंगाला शक्यतो हात लावू नये.

टवका, ओरखडा आणि पोपडा यांत फरक काय?

खडा आदळून रंगाचा छोटा तुकडा उडाला आणि खळगा पडला, तर तो टवका. काही घासून रेघ उमटली, तर तो ओरखडा. काहीही न आदळता रंग फुगून किंवा सुटून पापुद्र्यासारखा निघू लागला, तर तो पोपडा. पहिल्या दोन प्रकारांचे कारण बाहेर असते, तिसऱ्याचे बहुधा रंगातच किंवा रंगाखालच्या गंजात असते. कंपनीकडे तक्रार न्यायची असेल, तर हा फरक सर्वांत आधी कामी येतो.

नव्या गाडीचा रंग इतक्या लवकर का उडतो? कंपन्या रंग पातळ देतात का?

रंग पातळच असतो, परंतु त्याचे कारण केवळ काटकसर हे नाही. कारखान्यात उघडा सांगाडा धुऊन त्यावर झिंक फॉस्फेटचा अतिसूक्ष्म थर चढवतात. त्यानंतर सगळा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने ‘ईडी’ हा गंजरोधक थर बसवतात. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असून १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का केला जातो. त्यावर सुमारे ३० मायक्रॉन प्रायमर, त्यावर १५ ते २० मायक्रॉन प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ३५ ते ४५ मायक्रॉन पारदर्शक क्लिअर कोट येतो. सगळी बेरीज १०० ते १३० मायक्रॉनच्या आसपास जाते, म्हणजे माणसाच्या दोन केसांच्या जाडीइतकी. शोरूममध्ये ज्या निळ्याला किंवा लालला भुलून आपण गाडी निवडतो, तो रंग त्यातला जेमतेम सातवा हिस्सा असतो.

खडा आदळतो तेव्हा हे थर एका जागी दाबले जातात आणि ज्या दोन थरांमधील पकड सर्वांत कमी असेल, तेथून तुकडा सुटतो. हा धक्का पचवणे हे मुख्यतः प्रायमरचे काम आहे. अलीकडे अनेक कारखान्यांनी प्रायमरची स्वतंत्र भट्टी काढून टाकली असून ओल्या थरावर ओला थर मारून सगळे एकदमच भाजण्याची पद्धत स्वीकारली आहे. त्यात ऊर्जा, जागा आणि वेळ वाचतो. काम चोख असेल तर रंगही टिकतो, पण थरांची एकूण जाडी कमी होते आणि चुकीला वाव उरत नाही. शिवाय क्लिअर कोट फार कडक ठेवला तर ओरखडे कमी पडतात पण तो ठिसूळ होतो, आणि मऊ ठेवला तर खडा सोसतो पण धुण्याच्या फडक्यानेही त्यावर जाळी उमटते. प्रत्येक कंपनी या दोहोंमध्ये कुठेतरी तडजोड करते. ती तडजोड तपासण्यासाठी रंगवलेल्या पट्टीवर ठरावीक मापाची खडी हवेच्या दाबाने मारण्याची ‘एसएई जे ४००’ ही प्रमाणित चाचणी आहे आणि किती टवके उडाले यावरून रंगाला श्रेणी दिली जाते. खडीने रंग उडतो, हे गृहीत धरूनच गाडी रस्त्यावर येते, असा याचा सरळ अर्थ.

रंग जाड दिला तर प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. तीन-चार वेळा रंगवलेले जुने बॉनेट पाहिले की हा समज दूर होतो, कारण जाड थराचा टवका उडतो तो नखाएवढा, आणि काठाला भेगा ठेवून उडतो.

पूर्वीच्या गाड्यांचा रंग पक्का होता, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. तेव्हा वरचा रंग जाड असे, वेग कमी असत आणि दर काही वर्षांनी गाडी पुन्हा रंगवून घेण्याची पद्धतच होती. पण आज प्रचलित असलेला कॅथोडिक ईडी थर मोटारउद्योगात १९७६ च्या सुमारास आला आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना त्याचा लाभ मिळालाच नाही. म्हणून त्या वरून चकचकीत दिसत आणि दारांच्या खालच्या कडांना, मडगार्डच्या आत पत्रा कुजत जाई. आजच्या गाडीचे उलटे आहे: तिच्या बॉनेटवर तिसऱ्याच महिन्यात टवके दिसतात, पण दहा वर्षांनीही दाराच्या आतला पत्रा शाबूत असतो.

पाण्यावर आधारित नव्या रंगांमुळे टवके जास्त उडतात का?

पाण्यावर आधारित असतो तो बहुधा मधला रंगाचा थर. वरचा क्लिअर कोट आणि तळाचा ईडी यांचे रसायन वेगळे असते. टवक्यांचा सगळा दोष पाण्याच्या रंगावर ढकलणे मला पटत नाही. थरांची जाडी, भाजणी आणि आपापसातली पकड यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

टवका किती खोल गेला आहे, हे घरी कसे ओळखावे?

गाडी धुऊन कोरडी करावी आणि सकाळच्या तिरप्या उन्हात, हातात साधे भिंग घेऊन, बॉनेटच्या पुढच्या कडेजवळ बसावे. चांगला खोल टवका भिंगाखाली लहानशा खाणीसारखा दिसतो. सर्वांत बाहेर काचेसारखी क्लिअरची कड असते, तिच्या आत गाडीच्या रंगाचे बारीक कडे, त्याच्या आत पांढुरका किंवा राखाडी प्रायमर, त्याखाली गडद राखाडी ते काळपट ईडी आणि तळाशी, असलाच तर, चकाकणारा पत्रा. तळ राखाडी आणि निस्तेज असेल तर ईडी शाबूत आहे, म्हणजे घाई नाही. तळ चकाकत असेल किंवा तेथे तपकिरी ठिपका दिसत असेल, तर पत्रा उघडा पडला आहे.

भिंग नसेल तर पावसाला तपासू द्यावे. कोकणच्या दमट हवेत उघड्या पोलादावर एका रात्रीत तपकिरी टिकली उमटते, आणि ती बोटाने पुसली जात नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचे असेल तर ही खूण चालत नाही. तेथे तपकिरी गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते आणि कडेचा रंग हळूहळू फुगतो. लोहचुंबक चिकटते का, हे पाहिले की पत्रा कशाचा आहे ते कळते. मात्र चुंबक कापडात गुंडाळून लावावे, नाहीतर तपासणीतच नवा ओरखडा पडायचा.

टवका भरण्याची घाई कितपत करावी?

ईडी शाबूत असलेला टवका वर्षभर तसाच राहिला तरी बहुधा काही बिघडत नाही. पत्र्यापर्यंत गेलेला टवका मात्र पाऊस सुरू होण्याआधी भरावा, कारण गंज खळग्यात थांबत नाही. तो रंगाखालून आडवा सरकतो आणि मोहरीएवढ्या टवक्याभोवती वर्षा-दोन वर्षांत फुगलेले कडे तयार होते. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या बाह्य पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि त्यामुळे हा प्रवास मंदावतो. पण खारे वारे असलेल्या किनारपट्टीवर त्या भरवशावर राहू नये. पूर्वी पावसाच्या तोंडावर घरे शाकारली जात, त्याच दिवसांत मी हे काम उरकतो.

क्रम लावायचाच झाला तर पुढच्या चाकामागचा दाराखालचा पत्रा आणि चाकांवरच्या कमानी यांना मी बॉनेटच्याही आधी घेतो. तेथे चिखल साचून ओल टिकते आणि वाकून पाहिल्याशिवाय टवका दिसत नाही. त्यानंतर छताची पुढची कड आणि काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. बॉनेटवरचे टवके सर्वांत जास्त छळतात, पण ते निदान रोज डोळ्यांसमोर असतात.

बंपरवरच्या टवक्यांचे काय करावे?

बंपर प्लास्टिकचा असतो, त्यामुळे गंजाची भीती नाही आणि हा प्रश्न केवळ दिसण्याचा उरतो. तेथे मी वर्षातून एकदा रंगाचे थेंब टेकवतो आणि सोडून देतो.

नेमका रंग कसा मिळवायचा?

रंगाचे नाव सांगून बाटली घेऊ नये, रंगाचा कोड सांगून घ्यावी. ‘सिल्व्हर’ नावाचे चार रंग एकाच कंपनीच्या चार मॉडेलांवर सापडतात. कोड बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या धातूच्या पट्टीवर असतो. तेथे न सापडल्यास गाडीचा चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर तो काढून घेता येतो. कोड बरोबर असूनही पाच-सहा वर्षे उन्हात राहिलेल्या गाडीवर नवा रंग किंचित वेगळा दिसणार, विशेषतः मेटॅलिक असल्यास, कारण त्यातील चमकीचे कण फवाऱ्याने एका दिशेत बसतात आणि काडीने टेकवलेल्या थेंबात वाटेल तसे पडतात. हात लांब करून पाहिल्यावर टवका दिसला नाही, म्हणजे काम जमले.

घरी टचअप करण्याची योग्य रीत कोणती?

कोरडा दिवस, सावली आणि हाताला कोमट लागणारा, पण न तापलेला पत्रा हवा. गाडी शाम्पूने धुऊन वाळवावी आणि टवक्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. डांबराचे ठिपके काढायला रॉकेल किंवा डिझेल वापरले असेल तर त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, म्हणून हे पुसणे दोनदा करावे. मग सुईच्या टोकाने काठावरचा सुटलेला रंग उचलून टाकावा. टवका थोडा मोठा होतो आणि जीव खालीवर होतो, पण सुटलेल्या कडेवर मारलेला रंग त्या कडेसकटच पुढच्या पावसात निघून जातो.

गंज असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा मसुराएवढा तुकडा पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवून, तळ चकाकेपर्यंत, खळग्यापुरतेच फिरवावे. काळे ठिपके तरीही उरले तर रस्ट कन्व्हर्टरचा (गंजाला निष्क्रिय करणाऱ्या रसायनाचा) एक थेंब टेकवून बाटलीवर सांगितलेला वेळ थांबावे. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर लागतो आणि येथे एपॉक्सी प्रायमर उत्तम. ही पायरी गाळल्याने फसलेले टचअप मी सर्वाधिक पाहिले आहेत.

आता रंग. बाटली दोन-तीन मिनिटे चांगली हलवावी, कारण मेटॅलिकचे कण तळाशी बसलेले असतात. झाकणाला जोडलेला ब्रश टवक्याच्या मानाने केरसुणीएवढा असतो, तो बाजूला ठेवून दात कोरण्याची काडी किंवा अगदी बारीक चित्रकलेचा ब्रश घ्यावा. काडीच्या टोकावरचा थेंब खळग्याच्या मधोमध टेकवला की तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. त्याला ढकलू नये. वाळताना थेंब आत बसतो, म्हणून अर्ध्या तासाच्या अंतराने तीन-चार वेळा भरावे आणि आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली थांबावे. दुसऱ्या दिवशी क्लिअरचा थेंब टेकवला की खळगा भरतो. क्लिअर न दिलेला मेटॅलिक रंग कोरडा, खडूसारखा दिसतो आणि लवकर खराब होतो.

यानंतर एक-दोन आठवडे थांबून २००० आणि मग ३००० नंबरच्या पाण्याच्या पेपरने उंचवटा घासून कंपाउंडने चकाकी आणता येते. ही शेवटची पायरी नवशिक्याने करू नये, असे माझे मत आहे. भोवतालचा क्लिअर ४० मायक्रॉनचाच असतो, आणि एका टवक्यापायी रुपयाएवढा मूळ क्लिअर घासून बसलेले लोक मला माहीत आहेत.

नेलपॉलिश चालते का?

रंगहीन नेलपॉलिश पाणी अडवते, तेही थोडे दिवस. उन्हात ते पिवळे पडते, तडकते आणि पुढे खरे काम करायचे तेव्हा आधी तेच खरवडत बसावे लागते. प्रवासात पत्रा उघडा पडला आणि हाताशी दुसरे काहीच नसेल, तर आठवड्यापुरते लावायला हरकत नाही.

पावसाळ्यात टचअप करता येतो का?

करू नये. एका जुलैमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून मी पडवीत गाडी लावून सहा टवके भरले. संध्याकाळपर्यंत प्रत्येक थेंबावर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर आला होता. रंगातील थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल त्यावर धरते आणि रंगातच अडकते, हे मला नंतर एका पेंटरने समजावून सांगितले. सगळे खरवडून ऑक्टोबरमध्ये पुन्हा करावे लागले. पावसाळ्यात पत्रा उघडा पडलाच तर जागा पुसून, वाळवून त्यावर मेण किंवा पारदर्शक चिकटपट्टीचा लहान गोल तुकडा लावावा आणि कोरड्या दिवसांची वाट पाहावी.

टवके खूप झाले तर संपूर्ण बॉनेट रंगवून घ्यावे का?

या प्रश्नाला ‘शक्यतो नाही’ असेच उत्तर मी देतो आणि त्यावर सर्वांत जास्त वाद ओढवून घेतो. कारखान्यात रंग चढतो तेव्हा सांगाड्यात वायरिंग, रबर, प्लास्टिक काहीच बसवलेले नसते, म्हणून ईडी १६० अंशांवर आणि वरचे थर १४० अंशांच्या आसपास भाजता येतात. तयार गाडी त्या भट्टीत घालता येत नाही. त्यामुळे गॅरेजमधले रंग हार्डनर मिसळून ६० अंशांच्या आसपास सुकवण्याच्या बेताचे बनवलेले असतात. कसबी पेंटरच्या हातून ते सुरेख दिसतात आणि वर्षानुवर्षे टिकतातही, पण पेंटरने मूळ रंग किती घासला, पत्रा दिसेपर्यंत नेला का, लांबी (खळगे भरायची पुट्टी) किती भरली, त्या दिवशी हवा दमट होती का, यांवर सगळे अवलंबून राहते. ते आपल्याला वरून दिसत नाही. त्याच खडीच्या रस्त्यावर पुन्हा जायचे असेल, तर नव्या रंगालाही पहिल्याच महिन्यात टवके पडणार, आणि तेव्हा हातात कंपनीचा रंगही नसेल.

क्लिअर कोट मोठ्या भागावर सोलवटला असेल, गंज रंगाखालून पसरला असेल किंवा अपघातात पत्राच बदलला असेल, तर मात्र रंगवण्याला पर्याय नाही. तेव्हा टवके भरून रंगवणार की पत्र्यापर्यंत घासून, उघड्या पत्र्यावर एपॉक्सी देणार का, क्लिअर किती हात मारणार, हे आधी विचारावे आणि जॉबकार्डवर लिहून घ्यावे. रंगवल्यानंतर साधारण महिनाभर त्यावर मेण, कोटिंग किंवा फिल्म चढवू नये, कारण आतील थिनर बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

टेफ्लॉन, सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ यांपैकी टवके कशाने थांबतात?

फक्त पीपीएफने, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मने, आणि तेही बऱ्याच अंशी. ही थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड, आणि लवचिक असल्याने खड्याचा मार पसरवून टाकते. सिरॅमिक कोटिंगची जाडी एखाद-दोन मायक्रॉनच्या घरातली. त्याने पाणी ओघळते, धुणे सोपे होते, चकाकी टिकते, पण खड्यापुढे त्याचे काही चालत नाही. शोरूममध्ये ‘टेफ्लॉन’ म्हणून जे विकले जाते, त्याचेही तेच. गाडी घेतानाच्या घाईत विक्रेता ‘रंगाला संरक्षण’ असे मोघम बोलतो, तेव्हा त्याला सरळ विचारावे की खडीपासून संरक्षण लेखी देणार का.

पूर्ण गाडीला पीपीएफ लावण्याचा खर्च बऱ्याच जणांना झेपणार नाही आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. बॉनेटचा पुढचा भाग, आरशांची पाठ, चाकांच्या कमानी आणि दाराखालचा पत्रा एवढ्यावर लावली तरी मोठा मार टळतो. ती लावायची तर गाडी नवी असतानाच, कारण टवक्यांवर लावलेली फिल्म टवके झाकत नाही, उलट काचेखाली ठेवल्यासारखे दाखवते. गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागावरून फिल्म काढताना रंगही तिच्याबरोबर येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

गाडी चालवताना काय काळजी घ्यावी?

अंतर आणि वेग, या दोनच गोष्टी खरोखर हातात आहेत. खड्याच्या माऱ्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० ने गेल्यास वेग सव्वापट होतो, पण मारा दीडपटीहून जास्त. आणि समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेत राहूनही तो ८० च्या मानाने सव्वादोन पट होतो. मुंबई–गोवा महामार्गाच्या रखडलेल्या टप्प्यांवर, किंवा नुकतीच डांबरावर बारीक खडी पसरलेल्या राज्यमार्गावर, समोरच्या गाडीच्या चाकामागून निघणारे खडे थेट बॉनेटच्या उंचीवर येतात. ताडपत्री न बांधलेला खडीचा डंपर समोर असेल तर मी त्याच्या मागे राहून ओव्हरटेकची संधी शोधत बसत नाही. चहाची टपरी दिसली की थांबतो. मडफ्लॅप नसलेल्या गाडीला ते बसवून घ्यावेत, म्हणजे आपल्याच पुढच्या चाकांनी उडवलेली खडी दाराखालच्या पत्र्यावर बसत नाही.

धुताना आणि झाकताना काय टाळावे?

प्रेशर वॉशरचे तोंड टवक्यांपासून निदान हातभर दूर धरावे, कारण सुटलेल्या कडेत शिरलेला झोत पापुद्रा उचलतो. टवके असलेल्या गाडीवर ओले कव्हर घालू नये. त्याखाली ओल दिवसभर टिकते. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार बांधायचा असेल तर तारेऐवजी सुतळी वापरावी. ग्रिलला अडकवलेली तार देवदर्शनाहून घरी येईपर्यंत पत्र्याच्या कडेचा रंग खाऊन टाकते, आणि गाडी नवी असेल तर तो तिचा पहिला टवका ठरतो.

रंगाची वॉरंटी मिळते का?

खडीने उडालेला टवका जवळपास प्रत्येक कंपनीच्या वॉरंटीतून वगळलेला असतो, तेव्हा बॉनेटवरच्या टवक्यांसाठी भांडण्यात वेळ घालवू नये. खडा पोहोचू शकणार नाही अशा जागी, जसे छताचा मध्यभाग, दारांचा वरचा भाग किंवा डिकीचे झाकण, रंग सुटत असेल, किंवा उडालेल्या तुकड्याखालचा थर गुळगुळीत आणि अखंड असेल, तर थरांची पकडच कच्ची असण्याची शक्यता आहे. हा उत्पादनातील दोष ठरू शकतो. असे घडलेलेही आहे. टोयोटाने अमेरिकेत सुपर व्हाइट आणि ब्लिझर्ड पर्ल या दोन पांढऱ्या रंगांतील काही मॉडेलांसाठी रंग सोलवटण्याच्या तक्रारींवर विशेष दुरुस्ती योजना जाहीर केली होती. उन्हामुळे ईडी आणि प्रायमर यांच्यातील पकड कालांतराने सुटते, असे कारण कंपनीनेच दिले होते.

अशी शंका असल्यास तारखेसह छायाचित्रे काढावीत, पहिल्याच सर्व्हिसिंगला तक्रार जॉबकार्डवर नोंदवून घ्यावी आणि उत्तर लेखी मागावे. ‘बाहेर टचअप करून घ्या’ असा तोंडी सल्ला मिळाला तरी तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या जागेला हात लावू नये, कारण पुरावाच झाकला जातो. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जावे लागते.

विम्यातून खर्च मिळतो का?

हिशोब केल्यास बहुधा परवडत नाही. झीज विम्यात बसत नाही. एखाद्या घटनेत झालेले नुकसान दाखवले तरी मानक पॉलिसीत रंगकामाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो आणि बिल एकत्रित असल्यास साहित्य एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात. समजा बॉनेट रंगवण्याचे बिल ८,००० रुपये झाले. साहित्य २,००० धरून त्यातून १,००० जातील. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट आणखी १,००० रुपयांची असते. हातात ६,००० येतील आणि नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर जाईल. तीन दाव्यारहित वर्षांनंतर हा बोनस ३५ टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के असतो, आणि तो पुन्हा तेथवर न्यायला तितकीच वर्षे लागतात. घसारा न कापणारे ‘झिरो डेप’ संरक्षण घेतलेले असले तरी बोनस जायचा तो जातोच.

दुचाकीलाही हेच लागू होते का?

बहुतांशी. दुचाकीचा सांगाडा इंजिनासमोरच्या नळीवर सर्वाधिक मार खातो, कारण पुढचे चाक खडी थेट तेथे फेकते. पुढच्या मडगार्डला खाली जोडपट्टी लावल्यास तो मार खूप कमी होतो. टाकीवरचे टवके मात्र खडीपेक्षा किल्ल्यांच्या जुडग्याने आणि पट्ट्याच्या बकलाने जास्त उडतात.

थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी वेगळे काही करावे का?

टोरांटो किंवा शिकागोच्या परिसरातील वाचकांना खडीपेक्षा मिठाचा त्रास मोठा आहे. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ उघड्या पत्र्याचा गंज वाढवते आणि कडाक्याच्या थंडीत रंगही अधिक ठिसूळ होतो. तेथे टवके भरण्याचा मुहूर्त हिवाळ्याआधीचा, आणि बर्फ सरल्यावर गाडीचा तळ दाबाच्या पाण्याने धुणे आवश्यक.

जुनी गाडी घेताना टवके असलेले बॉनेट टाळावे का?

उलट पाच वर्षे महामार्गावर धावलेल्या गाडीचे बॉनेट आरशासारखे निष्कलंक असेल, तर आधी विचारपूस करावी. रंगाची जाडी मोजणारे मायक्रॉन गेज अनेक तपासनीसांकडे असते. कंपनीच्या रंगावर ते साधारण ८० ते १४० दाखवते, पुन्हा रंगवलेल्या भागावर २०० च्या पुढे जाते आणि लांबी भरलेली असेल तर ५०० किंवा त्याहून जास्त. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधे गेज चालत नाही. दारे, छत आणि डिकी यांचे आकडे जवळपास सारखे आणि बॉनेटचा तेवढा वेगळा, असे दिसल्यास बॉनेटच्या आतले बोल्ट पाहावेत. पान्याने बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल, तर ते बॉनेट एकदा तरी उतरवलेले आहे.